पासंगाचा न्याय : गोल्फमधील सवलतीच्या फटक्यांविषयी

तराजूची दोन पारडी रिकामी असतानाच एका पातळीत राहत नसतील, तर वाणी हलक्या पारड्याला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतो. त्याला आपल्याकडे पासंग म्हणतात. पासंगाला स्वतःचे असे मोल नसते. 'अमुक माणूस तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही' हा वाक्प्रचार त्याच्या क्षुद्रतेवरच उभा आहे. तरीही साऱ्या व्यवहाराचा खरेपणा या क्षुद्र वस्तूवर अवलंबून असतो. पासंग नेमका असेल तर तराजू खरा ठरतो आणि तो गुंजभर कमीजास्त असेल, तर तोच लबाडीचे साधन होतो. गोल्फ या खेळात 'हँडिकॅप' नावाची जी व्यवस्था रूढ आहे, तिचे स्वरूप अशा पासंगाचे आहे. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे. पण त्यामागचा खरा प्रश्न खेळाच्या मैदानापुरता मर्यादित नाही. दोन असमान माणसांना समान संधी द्यावयाची म्हणजे नेमके काय समान करावयाचे, हा तो प्रश्न होय.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. गोल्फच्या मैदानावर अठरा 'होल' असतात आणि प्रत्येक ठिकाणी कमीत कमी फटक्यांत चेंडू खळीत घालावयाचा असतो. जिंकणे-हरणे ठरविण्याच्या रीती मुख्यतः दोन. एका रीतीत अठरा होलांच्या फटक्यांची बेरीज करतात. ज्याची बेरीज कमी तो विजयी. दुसरी आणि अधिक जुनी रीत 'मॅच प्ले'ची. तीत प्रत्येक होल हा स्वतंत्र डाव असतो. एखादा होल मी चार फटक्यांत आणि तुम्ही पाच फटक्यांत पुरा केलात, तर तो होल माझा. तुम्हांला पाचाऐवजी नऊ फटके लागले असते, तरी माझ्या पदरात तेवढाच एक होल पडला असता. ज्याचे होल अधिक, तो जिंकतो, आणि उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तेथेच संपतो. व्यावसायिक खेळाडू कोणतीही सवलत न घेता खेळतात. हौशी खेळाडूंमध्ये मात्र कमकुवत खेळाडूला काही ठरावीक होलांवर एकेक फटका सूट मिळते. त्या होलावर त्याने पाच फटके घेतले, तर ते चार धरले जातात. हे सवलतीचे फटके किती असावेत आणि कोणत्या होलांवर असावेत, याच्या वादात सव्वातीनशे वर्षांचा विचार साठलेला आहे.

शब्दाची वाट

'हँडिकॅप' हा शब्द मुळात बाजारातला. दोन माणसांना आपापल्या वस्तूंची अदलाबदल करावयाची आहे. पण वस्तू सारख्या किमतीच्या नाहीत. मग ते एक पंच नेमतात. पंच दोन्ही वस्तू पाहून वरताळा ठरवतो, म्हणजे हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती द्यावे ते सांगतो. तिघेही थोडे थोडे पैसे एका टोपीत टाकतात. मग दोन्ही मालक टोपीत हात घालतात आणि मुठी एकदमच बाहेर काढून उघडतात. मुठीत नाणे असेल तर सौदा मान्य, मूठ रिकामी असेल तर अमान्य. दोघांचे मत एकच निघाले, मग ते होकाराचे असो वा नकाराचे, तर टोपीतले पैसे पंचाला मिळत. एकाने मान्य केले आणि दुसऱ्याने नाकारले, तर सौदा मोडे आणि मान्य करणाऱ्याला ते पैसे मिळत. 'टोपीत हात' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे रूप झिजत झिजत 'हँडिकॅप' झाले. सॅम्युएल पीप्सच्या दैनंदिनीत १६६० सालच्या सप्टेंबरातील नोंदीत हा खेळ भेटतो. लंडनच्या एका पानगृहात तो प्रथमच आपल्या पाहण्यात आला आणि आवडला, असे पीप्स नमूद करतो.

या खेळाचे आणखी जुने रूप चौदाव्या शतकातील विल्यम लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात आहे. चर्चकडे निघालेला खादाड वाटेत गुत्त्यात शिरतो. तेथे क्लेमंट नावाचा चांभार आपला झगा आणि हिक नावाचा घोडेवाला आपली टोपी अदलाबदलीसाठी पुढे करतो. किमतीवरून जमेना, तेव्हा दोर वळणाऱ्या रॉबिनला पंच नेमतात. झगा आणि टोपी यांच्यातले अंतर पेलाभर दारूने भरून काढले जाते आणि ज्याला या सौद्याचा प्रथम पश्चात्ताप होईल, त्याने गॅलनभर दारू पाजावी, अशी अट पडते. ही शेवटची अट मला फार अर्थपूर्ण वाटते. सौदा न्याय्य होता की नाही, याची कसोटी येथे किमतीच्या कोष्टकात शोधलेली नाही. ज्या सौद्याचा दोघांपैकी कोणालाही पश्चात्ताप होत नाही तो न्याय्य, अशी ही साधी व्याख्या आहे.

पुढे अठराव्या शतकात हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत शिरला. दोन घोड्यांच्या मालकांत पंच वजनाचा फरक ठरवू लागला आणि मग अनेक घोड्यांच्या शर्यतीतही ही पद्धत आली. १७९१ साली ॲस्कट येथे झालेली ओटलँड्स स्टेक्स ही अशा शर्यतींपैकी आरंभीची गाजलेली शर्यत. वेगवान घोड्याच्या खोगिराला शिशाचे वजन लावावयाचे, म्हणजे अक्षरशः पासंगच बांधावयाचा. १८५५ पासून इंग्लंडमध्ये सार्वजनिक हँडिकॅपर म्हणून काम केलेल्या ॲडमिरल हेन्री रूस यांनी या कामाला शास्त्राची शिस्त आणली. सगळे घोडे एकाच क्षणी अंतिम रेषेवर पोहोचावेत, हे हँडिकॅपरचे स्वप्न. मुंबई-पुण्याच्या शर्यतींतही ही पद्धत इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे.

या शब्दाविषयी एक गैरसमज पुष्कळ पसरलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी 'हँडिकॅप' हा शब्द शारीरिक अपंगत्वासाठी वापरला जाऊ लागला आणि 'हातात टोपी घेऊन भीक मागणारा' अशी त्याची व्युत्पत्ती लोक सांगू लागले. ती निराधार आहे. मूळ शब्दात याचना नाही; दोन बरोबरीच्या माणसांमधला करार आहे. शिवाय शर्यतीत वजन बलवानाच्या पाठीवर पडत असे, ही गोष्टही विस्मरणात गेली आणि शब्दाचा अर्थ उलटा होऊन दुर्बळाला चिकटला.

किनकेडचा प्रश्न

गोल्फमध्ये हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. प्रश्न मात्र त्याच्या दोनशे वर्षे आधीचा आहे. १६८७ साली एडिनबरामध्ये वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या थॉमस किनकेड या तरुणाने आपल्या दैनंदिनीत त्याची मांडणी केली आहे. दोन असमान खेळाडू पैज लावून खेळणार असतील, तर खेळ समान ठेवून पैज असमान करावी, की पैज समान ठेवून खेळात सवलत द्यावी? उदाहरण म्हणून तो गोल्फच घेतो. तीनांपैकी दोन होल दुसऱ्याला देऊन बरोबरीची पैज लावावी, की त्याच्या एका नाण्यासमोर आपली तीन नाणी लावून प्रत्येक होल बरोबरीने खेळावा?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. पैज असमान केली तर खेळाला धक्का लागत नाही. जो चांगला खेळतो तो जिंकतो. फक्त त्याच्या विजयाची किंमत कमी होते आणि दुर्बळाच्या क्वचित मिळणाऱ्या विजयाची वाढते. उलट, खेळातच सवलत दिली की डोळ्यांना दिसणारा निकाल आणि नोंदवला जाणारा निकाल यांची फारकत होते. चार फटके घेणारा आणि पाच फटके घेणारा बरोबरीत सुटतात. रेसकोर्सवर ही दोन्ही उत्तरे एकत्र नांदताना दिसतात. घोड्याच्या पाठीवरचे वजन हे एक उत्तर आणि बुकमेकरच्या फळ्यावरचा भाव हे दुसरे. गोल्फने मात्र दुसरा पर्याय, म्हणजे खेळातील सवलत, निवडला आणि त्या निवडीतून पुढचे सगळे गुंते निर्माण झाले.

प्रारंभी ही सवलत म्हणजे निव्वळ दोघांमधला करार होता. लीथच्या खेळाडूंनी १७४४ साली लिहून काढलेले तेरा नियम हे गोल्फचे सर्वांत जुने उपलब्ध नियम. त्यांत सवलतीचा उल्लेखही नाही. ती गोष्ट नियमांची मानली जात नसे. सामने पुष्कळदा भोजनाच्या मेजावर ठरत, पैजा वहीत नोंदल्या जात आणि सवलत घासाघीस करून निश्चित होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिची एक परिभाषाही तयार झाली होती. दर तीन होलांमागे एक फटका, दर दोन होलांमागे एक फटका, प्रत्येक होलाला एक फटका, अशा ठोकळ पायऱ्यांना ठरलेली नावे होती. एकमेकांना ओळखणाऱ्या मंडळींत हे पुरेसे होते. काल हरलेला आज एक फटका जास्त मागे आणि काल जिंकलेला कुरकुर करीत तो देई.

करारापासून कोष्टकापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गोल्फ स्कॉटलंडबाहेर वेगाने पसरला आणि अनोळखी माणसे एकमेकांशी खेळू लागली. क्लबाची समिती सभासदाला हँडिकॅप देई. पण एका क्लबातला दहा दुसऱ्या क्लबात चौदाच्या बरोबरीचा निघे. राष्ट्रव्यापी मापनपद्धतीचा पहिला यशस्वी प्रयोग केला तो स्त्रियांनी. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या 'बॅडमिंटन लायब्ररी'च्या गोल्फविषयक खंडात, स्त्रियांनी सत्तर-ऐंशी यार्डांपलीकडे चेंडू मारू नये, कारण त्यासाठी दांडा खांद्याच्या वर उचलावा लागतो, असा उपदेश गंभीरपणे केलेला आढळतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, ब्रिटनमध्ये 'लेडीज गोल्फ युनियन' स्थापन झाली. तिच्या पहिल्या मानद सचिव इसेट पिअर्सन या स्वतः उत्तम खेळाडू. १८९३ आणि १८९४ च्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत त्या लेडी मार्गारेट स्कॉट यांच्याकडून पराभूत झाल्या होत्या. लेडलॉ पर्व्ह्स यांच्या साहाय्याने त्यांनी सर्व क्लबांना लागू होईल अशी हँडिकॅपची एकच पद्धत उभारली. ब्रिटनमधील पुरुषांच्या संघटनांना त्या दिशेने एकत्र यायला १९२० चे दशक उजाडले. ज्यांना खेळात जागाच नव्हती त्यांना सर्वांसाठी एक माप असण्याची निकड आधी जाणवावी, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. ओळखीपाळखीतल्या कराराचा लाभ आत असलेल्यांना मिळतो. बाहेरून येणाऱ्याला लिखित कोष्टकाचाच आधार असतो.

याच काळात मापाचा एक ठोकळा म्हणून एक गमतीदार पात्र जन्माला आले. १८९० च्या सुमारास कॉव्हेन्ट्री येथील ह्यू रॉदरहॅम यांनी प्रत्येक होलासाठी 'उत्तम खेळाडूला लागणारे फटके' निश्चित करून त्या काल्पनिक आकड्याशी मॅच प्ले खेळण्याची कल्पना मांडली. त्या सुमारास लोकप्रिय असलेल्या एका गाण्यातल्या बागुलबुवावरून या अदृश्य प्रतिस्पर्ध्याला 'बोगी' नाव पडले. पुढे गॉस्पोर्टच्या लष्करी क्लबात सर्वच सभासद हुद्देदार असल्यामुळे त्यालाही कर्नलपद बहाल झाले! कधीही न चुकणारा, कधीही न चमकणारा हा कर्नल बोगी म्हणजे सरासरी नावाच्या अमूर्त कल्पनेला मिळालेला मानवी देह होय.

अमेरिकेत लेटन कॅल्किन्स यांनी १९०५ च्या सुमारास खेळाडूच्या सर्वोत्तम तीन खेळींच्या सरासरीवर आधारलेली पद्धत पुरस्कारली आणि १९११ साली 'युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन'ने राष्ट्रीय पातळीवर हँडिकॅपपद्धती स्वीकारली. तीन खेळींच्या पुढे दहा आल्या, दहाच्या आठ झाल्या. मात्र 'सर्वोत्तम' हे विशेषण कायम राहिले. सहा वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून २०२० साली सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीतही शेवटच्या वीस खेळींपैकी उत्तम आठच विचारात घेतल्या जातात.

बेरीज आणि डाव

या एका विशेषणात व्यवस्थेचे सारे नीतिशास्त्र दडलेले आहे. सर्व खेळींची सरासरी का घेत नाहीत? कारण वाईट खेळणे सोपे असते. हँडिकॅप वाढवून घेण्यासाठी एखाद्याने मुद्दाम चार दिवस भिकार खेळावे आणि सामन्याच्या दिवशी खरे रूप दाखवावे, हा प्रकार गोल्फमध्ये नवा नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. उत्तम खेळी मात्र खोट्या करता येत नाहीत. म्हणून माप त्यांच्यावर आधारले.

पण याची किंमत कोण मोजतो, ते पाहू. कसलेला खेळाडू सातत्याने खेळतो. त्याच्या सर्वोत्तम आणि सर्वसाधारण खेळीत दोन-तीन फटक्यांचे अंतर असते. नवखा खेळाडू एक दिवस बरा आणि चार दिवस अगदी वाईट खेळतो. त्याच्या बाबतीत हे अंतर पुष्कळ मोठे असते. त्यामुळे सर्वोत्तम खेळींवरून काढलेला आकडा पहिल्याचे खरे चित्र देतो आणि दुसऱ्याला आहे त्यापेक्षा चांगला ठरवतो. फटक्यांच्या बेरजेच्या सामन्यात सर्वसामान्य दिवशी दोघेही आपापल्या आकड्याला पोहोचत नाहीत. दुर्बळ अधिक लांब राहतो. लबाडाला आवरण्यासाठी घातलेला कर प्रामाणिक दुर्बळाने भरावा, असा हा प्रकार आहे.

बॉस्टन विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक फ्रान्सिस शाइड यांनी १९७१ साली 'गोल्फ डायजेस्ट' मासिकात नेमका हाच मुद्दा मांडला आणि दुर्बळ खेळाडूला पुरेसे फटके मिळत नाहीत, असे सांगितले. त्या वेळी अमेरिकेत काढलेल्या आकड्याच्या ८५ टक्केच हँडिकॅप दिला जात असे. १९७६ पासून ते प्रमाण ९६ टक्के झाले. उरलेल्या चार टक्क्यांना संघटनेने 'उत्कृष्टतेचा बोनस' असे नाव दिले होते. म्हणजे तराजू किंचित कललेला आहे, हे ठाऊक होते आणि मान्यही होते. मेहनत करून सुधारणाऱ्याला काही तरी लाभ उरावा, ही त्यामागची भूमिका. ब्रिटनमध्ये तर मॅच प्लेच्या एकेरी सामन्यात दीर्घकाळ हँडिकॅपमधील फरकाच्या तीन चतुर्थांशच फटके देत. दहाच्या खेळाडूकडून अठराच्या खेळाडूला आठाऐवजी सहा फटके मिळत. पूर्ण फरक देण्याची रीत तेथे या शतकात आली.

मॅच प्लेमध्ये आणखी एक पेच आहे. हँडिकॅप निघतो तो बेरजेतून आणि वापरला जातो तो स्वतंत्र डावांत. समजा, दोन खेळाडूंचे हँडिकॅप सारखेच, अठरा आहेत. त्यामुळे कोणी कोणाला फटका द्यावयाचा नाही. पहिला प्रत्येक होलावर अपेक्षित फटक्यांपेक्षा, म्हणजे 'पार'पेक्षा, नेमका एक जास्त घेतो. दुसरा बारा होल अगदी पारमध्ये खेळतो आणि उरलेल्या सहा होलांवर तीन-तीन फटके वाढवून ठेवतो. दोघांची बेरीज सारखीच, पारपेक्षा अठरा अधिक. पण मॅच प्लेमध्ये दुसरा बारा होल जिंकेल आणि पहिला सहा! कागदावर समान असलेली ही दोन माणसे मैदानावर मुळीच समान नाहीत. मॅच प्लेमध्ये अनर्थाची किंमत मर्यादित असते. त्यामुळे अनियमित पण मधूनच चमकणाऱ्या खेळाडूला तो मानवतो आणि संथ, चिकाटीच्या खेळाडूची चिकाटी वाया जाते. एकीकडे 'सर्वोत्तम' या विशेषणाने अनियमित माणसाचे नुकसान करावयाचे आणि दुसरीकडे डावाच्या रचनेने त्याला भरपाई द्यावयाची, असे या व्यवस्थेत घडते. मात्र ही दोन्ही अंतरे एकमेकांना नेमकी छेदतील, याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

फटका कोठे पडावा

किती फटके द्यावयाचे, हे ठरले तरी ते कोणत्या होलांवर द्यावयाचे, हा प्रश्न उरतोच. बेरजेच्या खेळात त्याला महत्त्व नाही. मॅच प्लेमध्ये मात्र निकाल त्यावर फिरू शकतो. प्रत्येक मैदानाच्या गुणपत्रिकेवर होलांना एक ते अठरा असे क्रम दिलेले असतात आणि सवलत त्या क्रमाने मिळते. दहा आणि अठरा हँडिकॅप असलेल्या दोघांत आठ फटक्यांचा फरक आहे, म्हणून दुसऱ्याला पहिल्या आठ क्रमांकांच्या होलांवर फटके मिळतात. आता हाच हिशेब जरा वेगळ्या रीतीने मांडू. दोघांनीही आपापले सगळे फटके घेतले, तर एक ते दहा क्रमांकांच्या होलांवर दोघांनाही एकेक फटका मिळेल आणि तो परस्पर कटेल. दुसऱ्याला एकट्याला मिळणारे आठ फटके अकरा ते अठरा क्रमांकांच्या होलांवर पडतील. आकडा तोच, आठ. पण एका हिशेबात ते प्रारंभीच्या क्रमांकांवर आणि दुसऱ्या हिशेबात शेवटच्या क्रमांकांवर. दोन्ही हिशेब तर्काला धरून आहेत. रूढ नियमाने पहिला पत्करला, एवढेच.

मग हे क्रम कशावरून द्यावेत? 'सर्वांत कठीण होलाला पहिला क्रम', हे उत्तर प्रथमदर्शनी पटते. पण एखादा होल दोघांनाही सारखाच कठीण असेल आणि दोघेही तेथे पाच फटके घेत असतील, तर तेथे दिलेला फटका दुर्बळाला आयता विजय देतो. उलट ज्या होलावर बलवान चार आणि दुर्बळ पाच घेतो, तेथे दिलेला फटका केवळ बरोबरी करतो. अमेरिकन संघटनेने दीर्घकाळ दुसरी दृष्टी स्वीकारली होती. सवलतीचा फटका बरोबरी साधण्यासाठी आहे, म्हणून तो दोन गटांच्या खेळात सर्वाधिक अंतर पडते अशा होलांवर द्यावा, असे तिचे म्हणणे असे. २०२० च्या जागतिक पद्धतीने पारच्या तुलनेतील काठिण्याला अधिक महत्त्व दिले आणि क्रम संपूर्ण मैदानभर विखुरलेले असावेत, अशी शिफारस केली. पहिला किंवा दुसरा क्रम अगदी सुरुवातीच्या वा शेवटच्या होलाला देऊ नये, यामागे व्यवहारज्ञान आहे. सामना सोळाव्या होलावर संपला, तर सतराव्यावरचा फटका कागदावरच राहतो. आणि बरोबरीनंतर पुन्हा पहिल्या होलापासून खेळावे लागले, तर तेथे फटका मिळणारा आधीच अर्धा जिंकलेला असतो. सवलत दिलेली असणे आणि ती वापरता येणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे गोल्फच्या नियमकर्त्यांना कळले होते. इतर क्षेत्रांतील सवलतींच्या चर्चेत हा भेद नेहमीच लक्षात घेतला जातो असे नाही.

काठिण्यही सर्वांना सारखे नसते. दोनशे यार्डांवरचा ओढा बलवानाला दिसतही नाही. दुर्बळाचा चेंडू नेमका त्यातच पडतो. डीन नूथ यांच्या कामातून १९८० च्या दशकात अमेरिकेत 'स्लोप' हे माप रूढ झाले, ते याच निरीक्षणावर आधारलेले आहे. मैदान कसलेल्या खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला किती अधिक जड जाते, हे ते मोजते. प्रमाणभूत मूल्य ११३, किमान ५५ आणि कमाल १५५.

न्याय पूर्ण झाला तर

आता उलट बाजूने विचार करू. समजा, हा पासंग अगदी निर्दोष झाला. मग प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा होईल. कर्ट व्हॉनेगटच्या 'हॅरिसन बर्जरॉन' या १९६१ सालच्या कथेत २०८१ मधली अशी दुनिया आहे. तेथे 'हँडिकॅपर जनरल' नावाचे सरकारी पद आहे. बलवानांच्या गळ्यात छऱ्यांच्या पिशव्या, देखण्यांच्या चेहऱ्यावर मुखवटे आणि बुद्धिमानांच्या कानात विचार मोडणारे आवाज. गोल्फचा मार्ग याहून सौम्य आहे. तेथे बलवानाचा एकही फटका बिघडवला जात नाही. दुर्बळाला फक्त काही फटके माफ होतात. रीत वेगळी असली, तरी गणिताचे टोक एकच आहे. ॲडमिरल रूस यांचे सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर पोहोचले, तर शर्यत पाहायला कोण येईल?

याचे उत्तर हँडिकॅप या आकड्याच्या स्वरूपातच आहे, असे मला वाटते. हा आकडा म्हणजे खेळाडूचे गेल्या वीस खेळींचे आत्मचरित्र. सवलतीने खेळलेल्या सामन्यात दोन माणसे एकमेकांशी वरवर झुंजत असली, तरी प्रत्यक्षात प्रत्येक जण आपल्या पूर्वचरित्राशी झुंजत असतो, आणि जो आज आपल्या कालच्या रूपाला अधिक अंतराने मागे टाकतो, तो जिंकतो. त्या अर्थाने हा विजय खोटा नाही. तो निराळ्या जातीचा आहे. आणि आत्मचरित्र म्हटले की त्यात लपवाछपवी आलीच. इयन फ्लेमिंगच्या 'गोल्डफिंगर' (१९५९) मध्ये बाँड आणि गोल्डफिंगर दोघेही आपला हँडिकॅप नऊ सांगतात आणि बरोबरीने खेळतात. आकडे जुळले म्हणजे सामना न्याय्य झाला, या भाबड्या समजुतीचा त्या प्रकरणात फडशा पडतो, कारण गोल्डफिंगरची लबाडी आकड्यात कोठेच दिसत नाही.

आपल्याकडे मुलांच्या खेळात दुर्बळाची सोय निराळ्या तऱ्हेने करतात. धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून खेळायला घेतात. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याच्या हरण्या-जिंकण्याने कोणाचे काही बिघडत नाही. या रीतीत माया आहे. पण कच्च्या लिंबाचे खेळणे हिशेबात नसते आणि हे त्या पोरालाही लवकरच कळते. हँडिकॅपमध्ये माया नसेल, पण दुर्बळाचा प्रत्येक फटका तेथे मोजला जातो आणि त्याच्याकडून झालेला पराभव बलवानाच्या नावावर खरोखरीच नोंदला जातो. दुर्बळाला खेळू देणे आणि दुर्बळाशी खेळणे यांतले अंतर या एका गोष्टीत आहे. तीनशे वर्षांच्या हिशेबाचे माझ्या मते हेच खरे संचित.

मात्र कोष्टके जसजशी नेमकी होत गेली, तसतसा टोपीत हात घालणारा माणूस दिसेनासा झाला. रॉबिन दोरवाल्याला दोघांचे मन जाणून वरताळा ठरवावा लागे, कारण त्या दोघांचे समाधान हेच त्याच्या निवाड्याचे माप होते. आजचा आकडा संगणकातून येतो आणि तो मान्य आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. म्हणून मॅच प्लेच्या पहिल्या टीवर उभ्या असलेल्या दोघा हौशी खेळाडूंना एक जुनी कसोटी अजूनही सुचवता येईल. एकाने वाटे करावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावा, अशी आपल्या घराघरांतली रीत आहे. ठरलेली सवलत ऐकल्यावर प्रत्येकाने स्वतःला विचारावे, की या क्षणी बाजू बदलायला सांगितली, समोरच्याचे हात आणि समोरच्याचे फटके घेऊन खेळायला सांगितले, तर मी तयार होईन का? दोघांचेही उत्तर होय असेल, तर पासंग बरोबर बसला आहे. एकाच्याही मनात चलबिचल झाली, तर गुणपत्रिकेवरचा आकडा काहीही असो, गॅलनभर दारूचा दंड कोणाला भरावा लागणार, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते.